छोट्या बेटांची मोठी शाळा

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



आज आम्ही आपणांस एका लहानशा देशाची हकीकत सांगणार आहों. त्या देशाचें नांव फिजी. पॅसिफिक महासागरांत तीनशेंहून अधिक बेटांचा हा पुंजका. त्यांपैकीं सुमारें तिसऱ्या हिश्शाच्या बेटांवरच माणसांची वस्ती आहे. साऱ्या बेटांची जमीन एकत्र केली तर आपल्या पुणें जिल्ह्याहून थोडी अधिक भरेल. २०१७ च्या खानेसुमारींत तेथें नऊ लाखांहून थोडीं कमीच माणसें मोजलीं गेलीं. आपल्या एकट्या सातारा जिल्ह्यांत याच्या तिपटीहून अधिक माणसें नांदतात. फिजीचे लोक ऊंस लावतात, कंद पिकवितात, मासे धरतात. म्हणजे आपल्यासारखेच कष्टकरी. अशा एवढ्याशा देशानें आरोग्याची वरची विद्या आपल्याच घरीं शिकविण्याचा उद्योग कां मांडला, तो कसा वाढला आणि कोठें अडला, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

आपणांपैकीं कोणी विचारील, "अहो, सातासमुद्रांपलीकडची ही कथा आम्हांस कशाला? आमच्या गांवच्या आडाचें पाणी तरी आधीं शुद्ध करा." प्रश्न रास्त आहे. त्याला दोन उत्तरें आहेत. पहिलें असें कीं, १८७९ पासून १९१६ पर्यंत हिंदुस्थानांतून साठ हजारांहून अधिक मजूर करारानें बांधून फिजीच्या उंसाच्या मळ्यांवर नेले गेले. त्या कराराला, म्हणजे 'ॲग्रीमेंट'ला, ते बिचारे 'गिरमिट' म्हणत. त्यांचे वंशज आजहि तेथें आहेत. तेव्हां फिजी आपणांस अगदींच परका नाहीं. दुसरें उत्तर असें कीं, साथ कोठलीहि असो, ती शेवटीं गरिबाच्या दारांत मुक्काम ठोकते. श्रीमंताला गांव सोडून जातां येतें, गरिबाला येत नाहीं. म्हणून साथ ओळखण्याची आणि अडविण्याची विद्या कोणाच्या हातीं आहे, हा प्रश्न गरिबाच्या जिवाचा आहे. त्या प्रश्नाचें उत्तर फिजीच्या दीडशें वर्षांत जितकें स्वच्छ दिसतें तितकें क्वचितच दुसरीकडे दिसतें.

आधीं ही विद्या म्हणजे काय तें पाहूं. कोणी आजारी पडला तर डॉक्टर त्याची नाडी पाहतो आणि औषध देतो. ही एक विद्या. परंतु एका आळींत एकाच आठवड्यांत दहा पोरांना जुलाब लागले, तर दहा बाटल्या औषध देऊन भागत नाहीं. पहिलें पोर कोणतें आजारी पडलें, कोणत्या आडाचें पाणी प्यालें, त्या आडांत घाण कोठून झिरपते, हें शोधावें लागतें. ही दुसरी विद्या. पहिली माणसाची नाडी पाहते, दुसरी गांवाची. हिला सार्वजनिक आरोग्याची विद्या म्हणतात. हींत गणित आहे, नोंदवही आहे, पायपीट आहे आणि लोकांशीं बोलण्याची हातोटी आहे. शहाणा शेतकरी एका ताटावर रोग दिसला तर तेवढेंच ताट पाहून थांबत नाहीं; तो बियाणें पाहतो, बांध पाहतो, शेजारचें शेत पाहतो. तसेंच हें काम आहे.

आतां फिजीची कथा ऐका. १८७४ सालीं हीं बेटें इंग्रजांच्या ताब्यांत गेलीं. पुढच्याच जानेवारींत, म्हणजे १८७५ सालीं, तेथला राजा ठाकोम्बाऊ ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहर पाहून इंग्रजांच्या लढाऊ जहाजानें परत आला. जहाजावर गोवर होता. राजाच्या भेटीस बेटाबेटांवरून सरदार व त्यांचीं माणसें जमलीं आणि जातांना गोवर घेऊन आपापल्या गांवीं गेलीं. त्या बेटांवर गोवर पूर्वीं कधीं आलेला नव्हता. त्यामुळें म्हातारें, तरुण, लेंकरूं, सर्वच एकदम अंथरुणाला खिळलीं. पाणी देणारें, चूल पेटविणारें कोणी उरलें नाहीं. कांहीं महिन्यांत अदमासें चाळीस हजार माणसें मेलीं. म्हणजे चारांतलें एक तरी गेलेंच. गोवरावर औषध तेव्हां नव्हतें हें खरें. पण जहाजावरचीं माणसें कांहीं दिवस वेगळीं ठेवा, असें सांगून तें तडीस नेणारें तरी कोणी असतें, तर हा अनर्थ टळण्याजोगा होता.

चार वर्षांनीं तशीच वेळ पुन्हां आली. १४ मे १८७९ रोजीं 'लिओनिडास' नांवाचें जहाज कलकत्त्याहून पहिले गिरमिटिये मजूर घेऊन फिजीच्या किनाऱ्यास लागलें. वाटेंत जहाजावर पटकीहि लागली होती आणि देवीहि आल्या होत्या. या खेपेस मात्र मजुरांना एका लहान बेटावर क्वारंटाइनमध्यें ठेवलें, आणि देवी फिजींत पसरल्या नाहींत. औषध या वेळींहि विशेष नव्हतें. १८७५ च्या धड्यानें शहाणपण मात्र आलें होतें. बंधूंनो, रोग्याजवळ औषध नसलें तरी गांवाजवळ शहाणपण असावें लागतें, तें हें असें.

परंतु प्रत्येक बेटावर एकेक गोरा डॉक्टर बसविणें सरकारास शक्य नव्हतें, आणि गोऱ्या डॉक्टरांना तेथें जाण्याची हौसहि नव्हती. म्हणून विल्यम मॅक्ग्रेगर या स्कॉटिश डॉक्टराच्या कारकीर्दींत फिजीच्याच तरुणांस देवी टोंचण्याचें व साध्या उपचारांचें शिक्षण देण्याची कल्पना निघाली, आणि १८८५ सालीं सुवा येथें शाळा उघडली. तीन वर्षांचा अभ्यास होता. १८८८ सालीं पहिली तुकडी बाहेर पडली. हे तरुण होडींत बसून, डोंगर तुडवून गांवोगांव गेले. भाषा आपली, माणसें आपलीं. घरच्या बायामाणसांनीं त्यांना आंत घेतलें. जें काम साहेबाच्या हातून होत नव्हतें, तें कोळ्या-कुणब्यांच्या मुलांनीं करून दाखविलें.

पण त्यांना नांव काय दिलें? 'नेटिव्ह मेडिकल प्रॅक्टिशनर'. पुढें 'नेटिव्ह' जाऊन 'असिस्टंट' आलें. मेख नांवांतच होती. काम तुम्हीं करावें, हुकूम वरून येईल. त्यांची सनद बेटांबाहेर कोणी मानीत नसे. सुई कशी टोंचावी हें शिकविलें. साथ कोठून येईल याचा अंदाज बांधून बंदर बंद करा असें सांगण्याची विद्याहि दिली नाहीं आणि अधिकारहि दिला नाहीं. शिडीच्या खालच्या दोन पायऱ्या बेटावर ठेवल्या आणि वरच्या पायऱ्या समुद्रापलीकडे ठेवल्या. अर्धी विद्या द्यावी आणि अर्धी कुलपांत ठेवावी, हा खेळ आपणांसहि कांहीं नवा नाहीं.

या अर्धवट शिडीचा परिणाम काय होतो, तें फिजीच्या शेजारीं सामोआ बेटांवर दिसलें. नोव्हेंबर १९१८ मध्यें 'टालून' नांवाचें जहाज न्यूझीलंडहून निघून फिजीवरून पश्चिम सामोआस गेलें. त्यावर त्या वर्षींच्या जगभर फिरणाऱ्या इन्फ्लुएंझाचे रोगी होते. पश्चिम सामोआवर तेव्हां न्यूझीलंडचा लष्करी अंमल होता. त्या अंमलदारांनीं जहाज अडविलें नाहीं. कांहीं आठवड्यांत तेथील पांच माणसांतलें एक माणूस मेलें. शेजारच्या पूर्व सामोआवर अमेरिकेचा अंमल होता. तेथील गव्हर्नरानें बाहेरचीं जहाजें अडविलीं, आणि तेथें इन्फ्लुएंझानें एकहि बळी घेतला नाहीं. दोन्हीकडे लोक एक, भाषा एक, मध्यें थोडासा समुद्र. तोच रोग त्याच सालीं मुंबई बंदरांत उतरला आणि हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें घेऊन गेला. आपल्या कित्येक घराण्यांत त्या साथीच्या गोष्टी अजून सांगतात.

या दोन सामोआंचा धडा नीट समजून घेतला पाहिजे. एके ठिकाणीं परक्या अंमलदाराची बुद्धि जागी होती, दुसऱ्या ठिकाणीं नव्हती. पण दोन्ही ठिकाणीं लोकांचें जगणें-मरणें परक्याच्या बुद्धीवरच टांगलेलें होतें. आज चांगला साहेब मिळाला तर वांचलों, उद्यां वाईट मिळाला तर मेलों. याला आरोग्यव्यवस्था म्हणत नाहींत; याला नशीब म्हणतात.

पुढें १९२८ सालीं सुव्याच्या शाळेचा विस्तार झाला. अमेरिकेंतील रॉकफेलर फौंडेशनचा पैसा आला, आणि डॉ. सिल्व्हेस्टर लॅम्बर्ट या गृहस्थांनीं त्यासाठीं पुष्कळ खटपट केली. शाळेचें नांव 'सेंट्रल मेडिकल स्कूल' झालें, अभ्यास चार वर्षांचा झाला, आणि टोंगा, सामोआ, सॉलोमन वगैरे बेटांचीं मुलें तेथें येऊं लागलीं. एकट्या टोंग्याला अशी शाळा परवडली नसती, एकट्या सॉलोमनलाहि नसती. चार शेतकऱ्यांनीं मिळून सामाईक विहीर खणावी, तशी सर्व बेटांनीं मिळून ही एक शाळा वापरली. तिच्यांतून बाहेर पडलेल्या तरुणांनीं अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायांतून शिरणाऱ्या अंकुशकृमीच्या मोहिमांत राबून काम केलें. १९६१ सालीं शाळेचें नांव 'फिजी स्कूल ऑफ मेडिसिन' झालें. कालांतरानें पूर्ण डॉक्टरीची पदवी तेथेंच मिळूं लागली. आणि २०१० सालीं ही संस्था फिजी नॅशनल युनिव्हर्सिटींत सामील झाली.

तरी सर्वांत वरच्या पायऱ्या बरींच वर्षें बाहेरच होत्या. शल्यक्रिया, बालरोग, भूल देणें यांचें वरचें शिक्षण घ्यावयाचें तर ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड गांठावें लागे. तें शिक्षण १९९० नंतरच्या दशकांत घरीं सुरू झालें. सार्वजनिक आरोग्याचेंहि वरचें शिक्षण तेथेंच मिळूं लागलें. २०१३ च्या सुमारास बेटांच्या आरोग्यखात्यांनीं आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनीं मिळून आणखी एक सोय केली, आणि ती आम्हांस फार महत्त्वाची वाटते. साथींचा तपास करण्याचें शिक्षण त्यांनीं शिडीसारखें बांधलें, आणि फिजीच्या विद्यापीठानें त्याला मान्यता दिली. खालीं प्रमाणपत्र, त्यावर डिप्लोमा, त्यावर मास्टरची पदवी. शिकणारे कोण? आधींच नोकरींत असलेल्या नर्सबाई, आरोग्य निरीक्षक, प्रयोगशाळेंतले मदतनीस, बेटावरचे डॉक्टर. शिक्षक त्यांच्याकडे जातात, एकेक आठवड्याचे पाठ देतात, आणि मग शिकणारा आपल्याच दवाखान्याची नोंदवही उघडून त्याच आंकड्यांवर काम करतो. ताप किती आले, कोणत्या गांवांतून आले, मागल्या महिन्यापेक्षां वाढले कीं घटले, वाढले तर कां वाढले. दोन वर्षें घरदार सोडून परदेशीं जावें लागत नाहीं, आणि बेटावरचा दवाखाना ओस पडत नाहीं.

सुतार-लोहारांच्या घरचीं माणसें येथें पुष्कळ आहेत. त्यांना ही पद्धत निराळी समजावून सांगावयास नको. ऐरणीपासून दूर बसून लोहारकी शिकतां येत नाहीं. बापाच्या हाताखालीं भाता ओढतां ओढतां पोरगा लोखंडाचा रंग ओळखूं लागतो. पुस्तक मागाहून येतें आणि त्याचें ज्ञान पक्कें करतें. साथीचा तपासहि असाच काम करतां करतां शिकावा लागतो. थायलंड देशानें १९८० सालीं असें शिक्षण आपल्या घरीं सुरू केलें, आणि आज जगांतल्या पुष्कळ देशांत तें चालतें.

आतां कोणी म्हणेल, वरची विद्या घरीं आणल्यानें गरिबाच्या पदरांत काय पडलें? याला आम्ही खरुजेचें उदाहरण देतों. हंसूं नका. खरूज ही दरबारी मंडळींची व्याधि नव्हे. एका खोलींत सहा माणसें निजतात, एकच पांघरूण चौघांत वापरतात, तेथें ती वसते. रात्रभर खाजवून पोरांची झोंप जाते, नखांनीं जखमा होतात, जखमा चिघळतात, आणि त्यांतून कधीं कधीं मूत्रपिंडाचे व हृदयाचे विकार जडतात. श्रीमंत देशांच्या मोठमोठ्या शाळांना या रोगाची फारशी फिकीर नव्हती, कारण तो त्यांच्या अंगणांत नव्हता. फिजींत तो घरोघर होता.

फिजीचें आरोग्यखातें आणि ऑस्ट्रेलियांतील तज्ज्ञ यांनीं मिळून एक प्रयोग केला. त्याचा निकाल २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. तीन बेटसमूह निवडले. एके ठिकाणीं नेहमीप्रमाणें, जो रोगी येईल त्याला व त्याच्या घरच्यांना मलम दिलें. दुसऱ्या ठिकाणीं रोगी असो वा नसो, सर्व गांवाला मलम लावावयास दिलें. तिसऱ्या ठिकाणीं सर्व गांवाला आयव्हरमेक्टिन नांवाच्या गोळ्या दिल्या. वर्षानें पुन्हां मोजणी केली. गोळ्यांच्या बेटांवर आधीं शंभरांत ३२ जणांना खरूज होती. ती शंभरांत दोघांवर आली. नेहमीच्या पद्धतीच्या बेटांवर ती शंभरांत ३७ वरून १९ पर्यंतच उतरली. म्हणजे रोग माणसाचा नसून गांवाचा आहे, औषधहि गांवालाच द्यावें, हें आंकड्यांनीं सिद्ध झालें. २०१९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या आवश्यक औषधांच्या यादींत खरुजेसाठीं हें औषध घातलें. एका लहान देशाच्या खेड्यांतला प्रश्न, आणि उत्तर साऱ्या जगाला उपयोगी! यांत पाहुण्यांचा हात मोठा होता हें लपविण्याचें कारण नाहीं. पण घरोघर जाऊन अंग तपासणारीं, नोंदी ठेवणारीं, लोकांचा विश्वास मिळविणारीं माणसें घरचीं नसतीं, तर पाहुण्यांना तेथें कांहींहि करतां आलें नसतें. पुढच्या खेपेस प्रश्नहि घरच्यांनीं घालावा आणि वहीहि घरच्यांच्या हातीं असावी, यासाठींच वरची पायरी घरीं हवी.

आणि ही पायरी भक्कम नसली तर काय किंमत मोजावी लागते, तेंहि सांगितलें पाहिजे. पुन्हां सामोआचीच गोष्ट. पश्चिम सामोआ आतां सामोआ या नांवानें स्वतंत्र देश आहे. लोकवस्ती सुमारें दोन लाख. जुलै २०१८ मध्यें तेथें गोवराची लस टोंचल्यावर दोन तान्हीं मुलें तात्काळ दगावलीं. तपासांत निघालें कीं लस चांगली होती. पण लशींत पाणी मिसळावयाचें त्याऐवजीं मुदत संपलेलें, स्नायू शिथिल करणारें औषध मिसळलें गेलें होतें. दोन नर्सबाईंना कोर्टानें पांच पांच वर्षांची शिक्षा दिली. लोकांत भीति पसरली. सरकारनें ही लस कित्येक महिने बंद ठेवली. लस घेतलेल्या तान्ह्यांचें प्रमाण तिसऱ्या हिश्शावर आलें. मग २०१९ च्या पावसाळ्यानंतर गोवर आला. ५,७०० हून अधिक माणसें आजारी पडलीं आणि ८३ मेलीं. त्यांत बहुतेक पांच वर्षांच्या आंतलीं मुलें होतीं. डिसेंबरांत सरकारनें दोन दिवस सारा कारभार बंद ठेवला. ज्या घरांत लस न घेतलेलें माणूस असेल त्या घरानें दारावर तांबडें फडकें लावावें असा हुकूम काढला. आणि पथकें घरोघर फिरलीं. तेव्हां कोठें साथ हटली. त्याच वेळीं गोवर फिजींतहि शिरला होता. पण तेथें बहुतेक मुलांना आधींच लस मिळालेली होती, रुग्ण थोडे झाले आणि एकहि मृत्यू झाला नाहीं.

दोष दोघी नर्सबाईंचा म्हणून कोर्टानें निकाल दिला. त्यावर आम्हांस वाद घालावयाचा नाहीं. पण त्यानंतरच्या महिन्यांत जें करावयाचें होतें तें काय नर्सबाईंचें काम होतें? लस निर्दोष आहे हें लोकांना त्यांच्या भाषेंत, त्यांच्या देवळांत जाऊन पटविणें. लस लौकर सुरू करणें. किती मुलें उघड्यावर पडलीं आहेत याचा रोज हिशेब ठेवून, साथ येईल, असें मंत्र्याच्या तोंडावर सांगणें. हें वरच्या पायरीच्या माणसांचें काम आहे. तशीं माणसें पुरेशीं असावीं लागतात, आणि त्यांचा शब्द ऐकिला जावा लागतो. शिडी अर्धवट राहिली म्हणजे पडतात तीं लेंकरें.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप: एवढ्याशा देशाला वरचें शिक्षण कशाला? चार हुशार पोरें परदेशीं पाठवावीं, शिकून येतील. बंधूंनो, जीं जातात त्यांतलीं बरींच परत येत नाहींत. आणि येतात तीं काय शिकून येतात? तेथल्या रोगांवरचें, तेथल्या यंत्रांवरचें, तेथल्या पैशाच्या जोरावरचें शास्त्र. मार्च २०१० मध्यें फिजीवर 'टोमास' चक्रीवादळ आलें, आणि टायफॉईडच्या भीतीनें हजारों लोकांना लस टोंचावी लागली. वादळानें फुटलेल्या पाण्याच्या नळाचा आणि तापाचा संबंध लंडनच्या वर्गांत बसून हाताला लागत नाहीं. ज्याचें जळतें त्याला कळतें.

दुसरा आक्षेप: घरची पदवी हलकी ठरेल. हा धोका खरा आहे. नांवाला शाळा, कामाला पोकळ, असें झालें तर लोकांचाच घात. त्याला उपाय एकच: परीक्षक बाहेरचेहि बोलवावे, कसोटी जगाची लावावी, पण भट्टी घरची असावी. पदवीची परीक्षा कागदावर कमी आणि गांवांत अधिक घ्यावी. ज्यानें एकहि साथ पायीं फिरून शोधली नाहीं, त्याला साथीचा तज्ज्ञ म्हणूं नये.

तिसरा आक्षेप पैशाचा. पैसा परक्याकडून येतो, आणि ज्याचा पैसा त्याचा शब्द. आज त्याला एका रोगाची हौस, उद्यां दुसऱ्या रोगाची. फिजीलाहि हें भोवतें. तेथें आज शंभरांतले सुमारें ऐंशी मृत्यू मधुमेह, हृदयविकार अशा रेंगाळणाऱ्या रोगांनीं होतात. मधुमेहानें पाय कापावे लागतात. जानेवारी २०२५ मध्यें तेथील सरकारनें एच. आय. व्ही. ची साथ जाहीर केली. यांतलें आधीं कोणतें, मागून कोणतें, हें देणगीदारानें ठरवावयाचें कीं देशानें? देशानें ठरवावयाचें, तर देशाजवळ तितके शिकलेले डोळे हवेत. म्हणून परक्याची मदत घ्यावी ती अवजारासारखी. मालक म्हणून तिला घरांत आणूं नये.

आणि एक दुखणें असें आहे कीं त्याला केवळ शाळा हें औषध नव्हे. १९८७ सालीं फिजींत डॉ. टिमोथी बावाद्रा हे वैद्यकीचें शिक्षण घेतलेले गृहस्थ पंतप्रधान झाले. महिनाभरांतच, १४ मे रोजीं, लष्करानें त्यांचें सरकार उलथविलें. त्यानंतर हिंदी वंशाचे पुष्कळ डॉक्टर देश सोडून गेले. पुढें २००० आणि २००६ सालींहि अशीच उलथापालथ झाली. शिवाय ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा पगार रोज बोलावितोच. शेतांत पाणी भरावें आणि बांध फुटका ठेवावा, तसें हें होतें. घरीं शिकलेला माणूस घरीं राहण्याचा संभव अधिक, हें खरें. पण त्याला पोटापुरता पगार, राहावयास घर, मुलांना शाळा आणि कामांत मान मिळाला पाहिजे. आणि जात, वंश, धर्म पाहून माणसें हांकलणाऱ्या राज्याजवळ विद्या टिकत नाहीं. एका शिकलेल्या डॉक्टराला पळवून लावणें म्हणजे एका बेटाचा दवाखाना बंद करणें.

मग आपण यांतून काय घ्यावें? आपल्या महाराष्ट्रांत पुण्याच्या प्लेगाच्या वेळीं, १८९७ सालीं, सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करतां करतां त्याच रोगानें गेल्या. ती सेवा आपण विसरूं शकत नाहीं. पण नुसत्या सेवेवर किती काळ भागवावयाचें? सेवा करणाऱ्याचा जीवहि वांचला पाहिजे, आणि त्यासाठीं सेवेला विद्येची जोड हवी. १९७० सालीं नगर जिल्ह्यांत जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं खेड्यांतल्या, कित्येकदां निरक्षर, बायांना आरोग्याचें शिक्षण दिलें, आणि त्या बायांनीं आपापल्या गांवचें आरोग्य सुधारून दाखविलें. देशोदेशींचे लोक तेथें शिकावयास येतात. खालची पायरी किती भक्कम होऊं शकते, हें जामखेडनें दाखविलें. वरची पायरी घरांत असणें कां जरूर आहे, हें फिजी दाखविते. दोन्ही पायऱ्या एकाच शिडीला हव्यात. गांवांतल्या आरोग्यसेविकेला वाटलें तर तिनें त्याच शिडीनें चढत जाऊन जिल्ह्याच्या साथींचा हिशेब करणाऱ्या खुर्चीवर बसावें, अशी वाट असली पाहिजे.

आपल्या मुलांमुलींना डॉक्टर करण्याची हौस आज पुष्कळ घरांत आहे. ती चांगली आहे. पण आमची विनंती अशी कीं, घरांत एखादें पोर आंकड्यांत हुशार, पायानें खंबीर आणि लोकांत मिसळणारें असेल, तर त्याला गांवाची नाडी पाहण्याची ही विद्याहि दाखवा. आणि आपल्या गांवीं आरोग्यसेविका वही घेऊन आली, घरांत किती माणसें, कोणाला ताप, पाणी कोठलें, असें विचारूं लागली, तर तिला उंबऱ्यावरून परत लावूं नका. तिच्या वहींत जो आंकडा पडतो, त्यावरच पुढच्या साथीचा अंदाज बांधला जातो. तो आंकडा खोटा पडला तर वरच्या पायरीवरचा कितीहि विद्वान असो, तो आंधळाच.

नऊ लाख माणसांचा देश हें काम करूं शकतो, तर लहानपणाची, गरिबीची सबब कोणालाहि सांगतां येणार नाहीं.